पाऊण तासाची रेघ

शाळेच्या संगणकावर एक निळी रेघ होती. एका टोकाला सिनाक, म्हणजे आमचं गाव. दुसऱ्या टोकाला कांगिक, म्हणजे आजीचं. मधे समुद्र. रेघेखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: दोन विमानतळांमधलं अंतर तीनशे दहा किलोमीटर, प्रवासाचा वेळ पंचेचाळीस मिनिटं. आणि रेघेच्या मधोमध एक गोंडस पांढरं विमान.

ते विमान पडद्यातून ओढून काढून बुटाखाली चिरडावं असं मला वाटलं.

कारण ते विमान नाहीच! सिनाकहून कांगिकला कुठलंच विमान जात नाही. कधी गेलेलं नाही. धावपट्टी दोन्हीकडे आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी पायमोजा दोन्हीकडे फडफडतो, पण आमचं विमान उडतं ते खाली दक्षिणेला, इकालुइत शहरात जातं आणि त्यांचं उडतं तेही खाली इकालुइतला जातं. एकमेकांकडे कुणी जात नाही. म्हणजे शेजारणीकडे मीठ मागायचं तर आधी दुसऱ्या शहरात जायचं, तिथे कुणाच्या तरी सोफ्यावर दोन-तीन रात्री काढायच्या, हवा बिघडली तर आठवडा काढायचा, आणि मग शेजारणीच्या दारात उभं राहायचं. ज्याने कुणी ही रेघ काढली त्याने दोन ठिपके घेतले आणि पट्टी ठेवली. झालं. मी पहिलीत असताना असंच करायचे.

पण पहिलीतल्या मुलीच्या रेघेवर कुणी माणसांना प्रवासाला पाठवत नाही.

सगळं सुरू झालं बुधवारी, आजीच्या फोनने.

"अहो," आजी म्हणाली, "सोमवारी आपण निघायचं. तुम्ही आधी इकडे या. पाऊण तास लागतो म्हणे."

आजी मला अहो म्हणते. शाळेच्या पटावर मी ऊलूसी आहे, पण माझं खरं नाव पाल्लुक, आजोबांचं. ते गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात मी जन्मले. आजीने मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आलात? बरं झालं." तेव्हापासून मी तिचा नवरा. मी तिला बायको म्हणते. आई मला अप्पा म्हणते, त्यामुळे तिला माझ्यावर धड ओरडता येत नाही. बाबा मला सासरेबुवा म्हणतात आणि ओरडतातही. आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं, गेलेल्या माणसाचं नाव मिळालं की त्याची नातीही मिळतात. माझा धाकटा भाऊ शेजारच्या म्हातारीची आई आहे आणि ती त्याला रोज बिस्किटं देते.

"कुठे निघायचं, बायको?" मी विचारलं.

"ऑपरेशनला. तारीख आली. माझ्याबरोबर कोण येणार असं विचारलं त्यांनी, मी म्हटलं, माझा नवरा."

मी खुर्चीतच उडी मारली. गेल्या उन्हाळ्यापासून आजीच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. पाच पावलं चालली की ती भिंत धरायची. एक तारीख वादळाने खाल्ली होती. ही चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि त्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने आईला स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती झडप वाट बघणार नाही.

"मी येणार! ओटावाच्या इस्पितळात! तुझ्याबरोबर!"

"मग दुसरं कोण येणार?" आजी म्हणाली. "तुम्ही नसाल तर मी जाणार नाही. हे आधीच सांगून ठेवते."

आजी एकदा असं म्हणाली की संपलं. तिचं "नाही" बर्फासारखं फुटत नाही, दगडासारखं पडून राहतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "बायको, पण मी येऊ कशी? विमान कुठलं?"

"पाऊण तासाचं," आजी म्हणाली. तिच्या मते प्रश्न मिटला होता.

मार्चमध्ये मी वक्तृत्व स्पर्धा जिंकले होते, इंग्रजीतली, आजूबाजूच्या सगळ्या गावांतून पहिली. त्याआधी मी वर्गात मान हलवूनसुद्धा उत्तर द्यायची नाही. आमच्याकडे हो म्हणायला भुवया उंचावतात आणि नाही म्हणायला नाक आक्रसतात, आणि मी वर्षानुवर्षं शाळा भुवया-नाकावरच काढली होती. पण स्टेजवर उभं राहून बोललं की समोरची माणसं गप्प होतात, हे एकदा कळल्यावर मला कोण थांबवणार! मी तडक शाळेच्या ऑफिसात गेले आणि दक्षिणेतल्या त्या कार्यालयाला फोन लावला. आजारी माणसांच्या प्रवासाची व्यवस्था ते बघतात. बघतात म्हणजे काय, संगणकात बघतात.

फोनवर लॉरेन नावाची बाई होती. आवाज साखरेच्या पाकासारखा.

"मी ताक्तू आजींची नात," मी म्हटलं. "सोमवारच्या प्रवासाबद्दल विचारायचंय."

"हो, हो. पेशंट कांगिकमध्ये, सोबत येणारे त्यांचे पती पाल्लुक, वय एकोणऐंशी, सध्या मुक्काम सिनाक. बरोबर?"

मी रिसीव्हर कानावर आणखी दाबला.

काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे दिसलं. कांगिकच्या दवाखान्यात दुभाषाचं काम जोआनासी करतो, आईचा आतेभाऊ. विमान येतं त्या दिवशी विमानतळावर सामान चढवणारा आणि तिकिटं देणाराही तोच. त्याने आजीला विचारलं, बरोबर कोण? आजी म्हणाली, नवरा. नाव? पाल्लुक. वय? आजीने बोटं मोजली असणार. आजोबा जन्मले तेव्हापासून सलग, कारण तिच्या हिशेबात ते मधे कुठे थांबलेच नाहीत. राहतो कुठे? सिनाकला, लेकीकडे. जोआनासीने शब्दाला शब्द इंग्रजी केलं. त्याचं काही चुकलं असं त्याला वाटलंच नसणार, कारण चुकलं नव्हतंच. तो स्वतः मला मामा म्हणतो.

"अगं, आहेस ना?" लॉरेन म्हणाली. "सोबतची व्यक्ती अठराच्या वरची लागते, तेवढा एकच कडक नियम आहे. तुझे आजोबा एकोणऐंशी, म्हणजे तिथे काही अडचण नाही. फक्त तब्येतीने ठणठणीत आहेत ना?"

मला अठरा वर्षं ऑगस्टमध्ये पूर्ण होणार होती. आणि हा एप्रिल होता.

"ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

"छान. मग सोमवारी दुपारी दोघं कांगिकहून निघतील."

"पण ते कांगिकला पोचणार कसे?"

"विमानाने," लॉरेन म्हणाली. "आमच्याकडे दिसतंय, पंचेचाळीस मिनिटं. इतक्या छोट्या टप्प्याचं तिकीट आम्ही देत नाही, तो घरच्यांनी बघायचा असतो."

"विमानच नाही!"

"सोमवारी नाही का? मग रविवारी बघा."

"कुठल्याच वारी नाही! सिनाकहून फक्त इकालुइतला विमान जातं. तुम्ही आजोबांना इकालुइतचं तिकीट द्या, आणि आजीला तिथे भेटू दे त्यांना."

की-बोर्डची टकटक ऐकू आली. "पेशंट घरून एकटा निघू शकत नाही. शिवाय जवळचा मार्ग असताना लांबचा मंजूर करता येत नाही गं. पंचेचाळीस मिनिटांऐवजी तू मला तीन दिवसांचा प्रवास सांगते आहेस."

"कारण तीन दिवसांचाच आहे! ती नुसती रेघ आहे! समुद्रावरची रेघ!"

"तुझे आजोबा आहेत का तिथे? मी त्यांच्याशीच बोलते."

"आहेत," मी म्हटलं. "पण त्यांना इंग्रजी येत नाही."

फोन ठेवला तेव्हा माझे कान लाल झाले होते. स्पर्धा जिंकलेली मी! आणि माझं एक वाक्य त्या बाईच्या आत गेलं नव्हतं. खरं सांगितलं असतं, की पाल्लुक म्हणजे मीच, सतरा वर्षांची, तर सोबतच रद्द झाली असती. सोबत रद्द म्हणजे आजी रद्द. आणि खोटं मी काही बोलले नव्हते. याचाच जास्त राग येत होता. माझ्या अख्ख्या गावात जे खरं होतं, ते त्या फोनच्या पलीकडे नेलं की फसवणूक होत होती.

घरी येऊन मी दार असं आपटलं की खुंटीवरचे हातमोजे पडले.

"अप्पा, दार मोडेल," आई म्हणाली.

मी सगळं सांगितलं, हातवारे करून, लॉरेनच्या आवाजासकट. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला. ती वेगळंच काहीतरी ऐकत होती हे मला नंतर समजलं.

"स्वतःच्या पैशाने इकालुइतवरून गेलं तर?" तिने बाबांना विचारलं.

"त्या तिकिटाच्या पैशात एक जुना स्किडू येतो," बाबा म्हणाले. ते जेवणाच्या टेबलावर स्किडूचा, म्हणजे आमच्या बर्फावरच्या स्कूटरचा, पट्टा पसरून त्याला भेगा आहेत का बघत होते. "आणि जुना स्किडू आपल्याकडे आहे."

त्यांनी पट्टा गुंडाळला, दुसरा शोधायला बाहेर गेले. आईने पीठ मळायला घेतलं. आमच्या घरात मोठे निर्णय असे होतात, कुणीच काही ठरवत नाही आणि सगळे कामाला लागतात.

शनिवारी सकाळी आम्ही गोठलेल्या समुद्रावरून निघालो. पुढे बाबा स्किडूवर, मागे दोराने बांधलेली लाकडी घसरगाडी, तीवर पेटी, पेटीत कातड्यांवर मी. भोवती पेट्रोलचे डबे, तंबू, स्टोव्ह, गोठलेले मासे आणि आईच्या तव्यावरच्या जाड भाकऱ्या. ऊन असं होतं की काळा चष्मा नसता तर डोळे गेले असते.

"सासरेबुवा, घट्ट धरा," बाबा ओरडले. "पाऊण तासात पोचवतो!"

"गप्प बसा!" मी ओरडले.

पहिला टप्पा गुळगुळीत होता. मग उंचसखल बर्फ आला, एकावर एक चढलेल्या लाद्या, घराएवढ्या. घसरगाडी चढायची, क्षणभर हवेत राहायची आणि धाडकन आदळायची. प्रत्येक आदळण्याला मी लॉरेनचं नाव घेत होते. मधे थांबलो की मी बाबांना माझं भाषण ऐकवायचे. कारण भाषण मी तयार केलं होतं, इंग्रजीत, सुरुवात-मध्य-शेवट असलेलं. कांगिकला पोचले की तिथून फोन करून लॉरेनला ते ऐकवायचं, असं मी ठरवलं होतं. त्यात "नकाशा म्हणजे भूमी नव्हे" असं एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं.

"कसं वाटलं?"

बाबांना इंग्रजी बेताचंच येतं. ते गोठलेल्या माशाची चकती कापत होते. "आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "पण आत्ता सगळा राग संपवू नका. थर्मासमध्ये ठेवा, गरम राहील."

"तुम्हाला राग येत नाही का?"

त्यांनी चकती माझ्या हातावर ठेवली. "मला रस्ता बघायचाय," ते म्हणाले. "दोन्ही जमत नाही."

आणि रस्ता खरंच बघायला लागला. दुपारी पुढे बर्फाला भेग दिसली. काळं पाणी, त्यावर वाफ. वाकून बघितलं तर रुंदी आमच्या घसरगाडीपेक्षा जास्त. बाबांनी लोखंडी टोकाच्या काठीने कडा ठोकून बघितली, नाक आक्रसलं, आणि मशीन वळवलं. भेगेच्या काठाकाठाने आम्ही इतके लांब गेलो की आमचा माग मागे वळून बघितला तर तो कांगिककडे पाठ करून चालला होता. आम्ही लांब जात होतो! निळ्या रेघेपासून लांब, आजीपासून लांब, आणि सोमवार मात्र सरळ आमच्याकडे येत होता.

तेव्हा ते वरून गेलं. आधी दिसलं, मग खूप उशिरा त्याचा आवाज आला. मोठ्ठं प्रवासी विमान, ठिपक्याएवढं, जगाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला चाललेलं, आणि त्याच्या मागे आभाळभर पांढरी रेघ. सरळ. पट्टीने काढल्यासारखी. आत माणसं जेवत असतील, सिनेमा बघत असतील, त्यांच्या समोरच्या पडद्यावरही असंच एक गोंडस विमान सरकत असेल आणि खाली काय दिसत असेल? पांढरं. रिकामं.

मी पेटीत उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून त्याला शिव्या दिल्या. इंग्रजीत नाही सुचल्या. आपल्या भाषेत दिल्या, आजोबांच्या वयाला शोभतील अशा.

बाबांनी मशीन बंद केलं आणि मागे वळून बघितलं. "त्यांना ऐकू नाही येत, सासरेबुवा."

"माहीत आहे मला!"

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

भेग शेवटी निमुळती झाली. बाबांनी मला उतरवलं, स्किडू वेगाने तिच्यावरून नेला, मग दोराने घसरगाडी ओढून घेतली. मी उडी मारली. बूट काठावर पडला, पाण्यात नाही. त्या दिवशी तंबू ठोकला तेव्हाही क्षितिजावर उजेड होताच. झोपेतही मी घसरगाडीवर आदळत होते.

रविवारी संध्याकाळी कांगिकचे दिवे दिसले. आजी खिडकीत बसली होती. बॅग भरलेली, सीलच्या कातड्याचे बूट पायात, जणू विमान दारात येणार आहे.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"बायको, विमान नव्हतं."

"मी शनिवारपासून चहा ठेवतेय. तीनदा आटला." तिने माझे गाल दोन्ही हातांत धरून हुंगले, मग बोट लावून बघितलं. "गारठ्याने भाजलंय इथे."

बाबा चहा पिऊन तिथेच जमिनीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. मी आजीला सगळं सांगितलं. लॉरेन, रेघ, भेग, आभाळातलं विमान. ती ऐकत होती. भिंतीवर आजोबांचा फोटो होता, त्यात ते कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी खाली बघत होते.

"तुम्ही आजारी पडलात तेव्हाही असंच सांगितलं होतं त्यांनी," आजी म्हणाली. "छोटा प्रवास आहे, सोबत कशाला? पुढे आमचा माणूस भेटेल. तुम्ही गेलात." ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "पुढे कुणी भेटलंच नाही. आपली भाषा येणारं तिथे कुणीच नव्हतं. पाणी हवं की गोधडी हवी, तुम्हाला सांगता आलं नाही. नंतर त्यांनी तुमच्या देहाबरोबर परत पाठवलेली पिशवी बघितली मी. मी दिलेला सुका मासा तसाच होता. तो कापायला तुम्हाला कुणी सुरीसुद्धा दिली नाही."

मी फोटोकडे बघितलं.

"आणि विमानात चढताना," आजी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, "मी तुम्हाला म्हटलं होतं, त्यांना सांगा, बायकोशिवाय जात नाही म्हणून. तुम्ही नुसत्या भुवया उंचावल्यात आणि जिना चढलात. एक शब्द बोलला नाहीत. आयुष्यभर कुणाला एक शब्द उलटा बोलला नाहीत तुम्ही." तिने चहाचा कप असा ठेवला की बाबांचं घोरणं थांबलं. "फार राग आहे मला तुमचा."

तोवर मला वाटत होतं की या घरात राग फक्त माझ्याकडे आहे.

सोमवारी हवा स्वच्छ होती. कांगिकचा विमानतळ म्हणजे एक खोली, एक काउंटर, एक चहाचं मशीन आणि ते बिघडलेलं. जोआनासी चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालून काउंटरमागे उभा होता. मला बघून त्याच्या भुवया टोपीत गेल्या.

"मामा! बर्फावरून आलात?"

"तुझ्यामुळे," मी म्हटलं. "नवरा, वय एकोणऐंशी! नात आहे एवढं तरी सांगायचंस ना त्यांना!"

"काय सांगायचं?" त्याला खरंच कळलं नाही. "मामीने सांगितलं ते सांगितलं."

मी त्याला थोडक्यात सांगितलं. अठराचा नियम ऐकला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, तिकिटावरच्या नावाकडे बघितलं. बाहेर विमान उतरत होतं. आणि काउंटरवरचा फोन वाजला.

जोआनासीने ऐकलं, फोनच्या तोंडावर हात ठेवून आमच्याकडे वळला. "तीच आहे. लॉरेन. पती पोचले का विचारतेय. त्यांचं या टप्प्याचं तिकीट कुठेच दिसत नाही, त्यामुळे खात्री केल्याशिवाय दोघांना चढू देऊ नका म्हणते."

खोलीत दोन-चार माणसं होती. सगळी गप्प झाली. अगदी स्पर्धेसारखी.

"मामी," जोआनासी आजीला म्हणाला, "ती विचारतेय, तुमचा नवरा आलाय का?"

आजीने भुवया उंचावल्या. मग फोनवर ते दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने हाताने माझी बाही धरली आणि मोठ्याने म्हणाली, "हे काय! समोर उभे आहेत!"

जोआनासीने फोन तोंडाशी नेला. "हो," तो इंग्रजीत म्हणाला. "आलेत. इथेच उभे आहेत... नाही, विमानाने नाही. स्किडूने. समुद्रावरून... हो, एकोणऐंशी." त्याने माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. "तब्येत उत्तम आहे. जरा चिडलेले आहेत."

पलीकडून पुष्कळ बोलणं झालं. जोआनासीने पुन्हा हात ठेवला. "म्हणते, पाऊण तासाचं विमान सोडून या वयात स्किडू कशाला? त्यांच्याशी बोलायचंय म्हणते. भाषांतर मी करायचं, म्हणते."

आणि त्याने फोन माझ्यासमोर धरला.

माझं भाषण जिभेवर होतं. सुरुवात, मध्य, शेवट, नकाशा आणि भूमी. लॉरेन ऐकायला तयार होती. आणि मला ते बोलता येणार नव्हतं! माझं इंग्रजी तिने बुधवारी ऐकलं होतं. एक इंग्रजी शब्द उच्चारला असता तर पाल्लुक तिथल्या तिथे नात झाला असता, आणि आजी जिन्याच्या या बाजूला राहिली असती.

मी फोन घेतला. आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला; दोन दिवसांच्या वाऱ्याने तो तसाही बसला होता. आणि मी आपल्या भाषेत बोलले.

"पाऊण तास?" मी म्हटलं. "पाऊण तास! तुझ्या पट्टीला समुद्र दिसत नाही का? तिथे भेग होती. काळं पाणी होतं. माझा जावई काठीने बर्फ ठोकत ठोकत आला, त्याला विचार पाऊण तास म्हणजे काय. तू मला रेघ दाखवलीस. मागच्या वेळीही रेघच दाखवलीत. पुढे माणूस भेटेल म्हणालात. कुठे होता तो माणूस? मी पाणी कुणाला मागायचं होतं? माझ्या पिशवीत मासा होता, तो कापायला कुणी सुरी दिली? मी बायकोला सोडून एकटा जायला नको होतं आणि तुम्ही मला एकटं न्यायला नको होतं! ही माझी बायको. हिला मी एकटीला सोडणार नाही. पाणी लागलं तर मी मागेन, गोधडी लागली तर मी मागेन, आणि नाही दिलीत तर तुमचं ते अख्खं इस्पितळ डोक्यावर घेईन. कळलं का?"

मी धापा टाकत होते. मला कुठे थांबायचं ते कळत नव्हतं म्हणून मी फोन जोआनासीच्या हातात कोंबला. खोलीत एक म्हातारी टोपीच्या कडेने डोळे पुसत होती. बाबा दाराशी उभे होते, हातात माझी बॅग.

जोआनासीने फोन कानाला लावला. घसा खाकरला.

"ते म्हणतात," तो इंग्रजीत म्हणाला, "धन्यवाद."

मी त्याला मारणारच होते! एवढं सगळं, आणि धन्यवाद? मी काउंटरवर हात आपटला. पण पलीकडून लॉरेनचा पाकातला आवाज आला, "अरे वा, किती गोड! शुभ प्रवास सांगा त्यांना," आणि फोन बंद झाला. जोआनासीने दोन पास फाडले, एक आजीला दिला, एक मला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "भांडण मी नंतर करून घेतो. तुम्ही आधी चढा."

बाहेर वारा होता. धावपट्टीवर आजीने पाच पावलं टाकली आणि थांबली, माझा दंड धरला, पुन्हा पाच टाकली. जिन्याशी आलो तेव्हा ती परत थांबली. मला वाटलं दम लागला. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि कालचा राग तिच्या तोंडावर शोधूनही सापडत नव्हता.

"हे तुम्ही तेव्हा बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"आता बोललो ना," मी म्हणाले, आणि तिला पुढे घालून जिना चढले.